मामाजींना सांगितलेली नदी

फाल्गुन सरत आला की बुलढाण्याचा वारा एकाएकी कोरडा होतो. सकाळी दोरीवर टाकलेलं लुगडं चहा होईपर्यंत कडक वाळतं. घाटाखालून वर चढताना हा वारा करपल्या गवताचा आणि वाळक्या पाल्याचा वास घेऊन येतो. त्यात मोहाच्या फुलांचा वास नसतो. असणार कुठून? मोहाची झाडं राहिली दूर, तिकडं सातपुड्याच्या पायथ्याशी. तरी मला तो येतो. गोड, जरासा आंबूस, घशात उतरून बसणारा. सुना हसतात. या दिवसांत आईंना भास होतात, म्हणतात. होत असतील. मी दोरीशी उभी राहते आणि मला वान नदी दिसू लागते.

माझं माहेर सुलतानपूरचं, म्हणजे घाटावरचं. मुरमाड माळ, बोडक्या टेकड्या, ज्वारीची ताटं आणि भोवती सगळीकडं आभाळ. डोंगर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं त्या दिवसांत, माघात माझं लग्न झालं आणि मी घाटाखाली गेले. बस बदलत संग्रामपूरपर्यंत, तिथून पुढं बैलगाडीनं. काळ्याभोर सपाट जमिनीतून गाडी तासन्‌तास चालली होती आणि समोर, उत्तरेला, एक निळी भिंत हळूहळू वर येत होती. मला वाटलं ढग आहेत. ढग हलेनात, तेव्हा कळलं.

घरात माणसं थोडी. हे खामगावला शाळेत मास्तर होते. शनिवारी यायचे, सोमवारी उजाडायच्या आत निघायचे. बाकीचे दिवस घरात सासूबाई, मामाजी आणि मी. सासरे म्हणजे आमचे मामाजी. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ऊन आणि सावली तेवढी कळायची, माणूस समोर उभा राहिला तर काळसर काहीतरी आहे एवढं समजायचं. अकोल्याला नेऊन ऑपरेशन करू, असं हे दर खेपेला म्हणत. मामाजी मान हलवत. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशनमध्येच गेला होता. "हाय तेवढा उजेड राहू दे," एवढंच म्हणायचे.

तरणेपणी त्यांनी सगळा सातपुडा पायांखाली घातला होता. हरवलेल्या गुरांच्या मागं, मधाच्या मागं, कधी नुसतंच. आता सकाळी ओसरीवर बसून उत्तरेकडं तोंड करायचे आणि विचारायचे, "डोंगर दिसते का आज?"

चुलीपुढून सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "दिसते. कुठी जाईन तो?"

एकदा अंगण झाडताना मीच बोलून गेले. नव्या सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नसतं, हे मला कळत होतं. पण समोर दिसत होतं ते इतकं सुंदर होतं की राहवलं नाही. म्हटलं, "आज पूर्ण नाही दिसत मामाजी. खालचा भाग धुक्यात गेलाय. वरची कड तेवढी तरंगल्यासारखी वाटते. आणि मधल्या खिंडीतून धुराची बारीक रेघ निघालीय."

मामाजींनी काठी जवळ ओढली. मला वाटलं, रागावले. मग त्यांनी मान वळवली. "धूर कोन्या अंगानं झुकून राह्यला?"

"पूर्वेकडं."

"मंग मोहाखालचा पाला जाळून राह्यले ते. फुलं पडाचे दिवस आले." आणि थोडं थांबून, "अजून काय दिसते वं पोरी?"

तिथून ते सुरू झालं. आधी ओसरीवरून, मग वेशीपर्यंत, मग नदीवर. सासूबाईंना पटलं नव्हतं. "सुनेले घेऊन नदीनं हिंडते का कोनी?" त्या म्हणाल्या. मामाजींनी नुसती काठी पुढं केली. काठीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. मधे काठीएवढं अंतर. अशी आमची वरात रोज सकाळी वानेच्या पात्रात उतरायची.

वान त्या दिवसांत वाहत नसते. ती तुकड्या-तुकड्यांनी जगते. पांढरी वाळू, गोल गुळगुळीत गोटे, मधेच गुडघाभर पाण्याची धार, पुन्हा वाळू, आणि वळणावळणावर डोह. दोन्ही काठांना करंज आणि जांभळं. करंजाला नवी पालवी आलेली, इतकी कोवळी की तिच्यातून ऊन गाळून खाली पडायचं. पलीकडच्या उतारावर पळस. सालईची झाडं पानं झाडून मोकळी, त्यांच्या साली कागदासारख्या सुटलेल्या. मी एकेक सांगायची. पहिल्या दिवशी माझं सांगणं कसं होतं? झाड आहे. पक्षी आहे. पाणी आहे. मामाजी म्हणाले, "पक्षी हाय हे तर मलेबी ऐकू येते. कसा हाय ते सांग."

कसा आहे ते सांगायचं तर आधी नीट पाहावं लागतं. माणूस नुसता पाहतो तेव्हा काही पाहतच नाही, हे मला त्या वाळूत उभं राहून उमगलं. पाणमांजरांचं एक कुटुंब एका डोहात होतं. त्यांची डोकी पाण्यावर आली की मला आधी नारळ वाटले. मग मिशा दिसल्या. मग एकानं मासा दोन्ही हातांत धरून, खडकावर उताणं पडून, लहान मुलानं कणीस खावं तसा खाल्ला. मी हे सांगत होते आणि मामाजी असे हसत होते की काठी माझ्या हातात थरथरत होती. रोही म्हणजे नीलगायी; ते पाण्यावर यायचे, घोड्याएवढे, निळसर राखी, आमच्याकडं बघत बघत प्यायचे. वाळूवर रात्रीच्या पायांची नक्षी असायची. मी वाकून ठसे सांगायची. कुठं दोन खूर, कुठं बोटं, आणि कधी माणसाच्या पावलासारखं, पण रुंद आणि पुढं नखांच्या रेघा असलेलं. "अस्वल," मामाजी म्हणायचे. "मोहाची फुलं खाऊन तहान लागते त्याले. आपल्या आधी येऊन गेलं."

पण सगळंच काही गोड नव्हतं. एका वळणावर ते थांबले. "आता डाव्या हाताले मोठं जांभूळ. चौघायनं कवेत घ्यावं एवढं. त्याच्या ढोलीत धनेस पाखरू राह्यते. पाह्य."

मी पाहिलं. डाव्या हाताला काठ खचलेला होता. उघडी पडलेली मुळं, आणि त्यांच्यावर चढलेली घाणेरीची झुडपं. जांभूळ नव्हतं. कुठल्या तरी पुरात गेलं असावं. आहे म्हणावं का? म्हटलं असतं तर चाललं असतं. त्यांना कोण सांगायला बसलं होतं? माझ्या जिभेवर 'हो' आलंही होतं. पण इतक्या दिवसांचं माझं सगळंच सांगणं मग खोट्यासारखं झालं असतं.

"नाहीये मामाजी," मी म्हटलं. "काठ तुटलाय. मुळं राहिलीत नुसती."

त्यांनी काठी वाळूत रोवली. मग हात पुढं करून म्हणाले, "मुळापाशी ने." मी नेलं. त्यांनी एक मूळ चाचपलं, गुरांच्या पाठीवर थोपटतात तसं थोपटलं, आणि म्हणाले, "बरं झालं सांगतलं. मी तं रोज रातच्याले ह्याच्या सावलीत बसत होतो."

अजूनही कधी विचार येतो. आपल्या मनातलं रान आणि बाहेरचं रान यांची गाठ कोणीतरी घालून द्यावी लागते. नाहीतर माणूस पडलेल्या झाडाच्या सावलीत बसून राहतो. आणि गाठ घालणाऱ्याला फार हळू बोलावं लागतं.

चैत्राच्या सुरुवातीची गोष्ट असेल. आम्ही नदीतून परत येत होतो तर गफूरभाईंच्या शेताकडून गलका ऐकू आला. गफूरभाई म्हणजे आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. त्यांच्या शेतात कठडा नसलेली कच्ची विहीर होती. आम्ही जवळ गेलो तेव्हा विहिरीभोवती निम्मं गाव जमलेलं. पाण्यावर आलेलं अस्वल रात्री आत पडलं होतं.

तरण्या पोरांनी दगड गोळा केले होते. एक म्हणत होता, बंदूकवाल्याला बोलवा. गफूरभाई हात जोडत सगळ्यांभोवती फिरत होते. "अठी मारू नका रे भाऊ. अख्ख्या शिवाराच्या मानसायले ह्याच इहिरीचं पानी लागते." कोणी ऐकेना. मोहाच्या दिवसांत अस्वलानं माणूस फाडला नाही असं वर्ष त्या भागात क्वचित जायचं. गर्दीत महादू उभा होता, त्याचा उजवा गाल डोळ्यापासून हनुवटीपर्यंत ओढल्यासारखा शिवलेला. फुलं वेचायला गेला असता अस्वलानं त्याची ही गत केली होती. पोरं पुन्हा पुन्हा त्याच्याकडं बघत होती. पहिला दगड त्यानं टाकावा, असं सगळ्यांच्या मनात असावं.

"मले काठावर ने," मामाजी म्हणाले. लोकांनी वाट दिली. "काय करून राह्यलं ते?"

"अस्वल हाय मामा, काय करन? मरून राह्यलं," कोणीतरी म्हणालं. हशा झाला. मग प्रत्येक जण काहीतरी ओरडू लागला. मामाजींनी हात वर केला आणि माझ्याकडं तोंड वळवलं.

"तू सांग वं पोरी."

पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढलेला. भोवती सगळे पुरुष. गावात आल्यापासून मी त्यांच्यातल्या एकासमोरही तोंड उघडलं नव्हतं. मी मामाजींच्या कानाशी कुजबुजले.

"मोठ्यानं," ते म्हणाले. "सगळ्यायले ऐकू जाऊ दे."

मी पदर थोडा वर केला, कारण त्याशिवाय आत दिसेना. "वर बघायलंय," मी म्हटलं. माझ्या माहेरच्या बोलीला पोरं फिसकन हसली. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"कंबरेएवढं पाणी आहे. त्यात एक दगड बाहेर आलाय, त्यावर पुढचे दोन पाय टेकून उभंय. सगळे केस भिजून अंगाला चिकटलेत. इतकं मोठं वाटत होतं, ते केसांमुळंच. आत लहानच आहे. छातीवर पांढरी खूण आहे, नांगरासारखी. आता मागच्या पायांवर उभं राहिलं. भिंतीला नखं लावली. माती सुटली. पडलं पाण्यात." आतून पाण्याचा आवाज आला. "पुन्हा दगडावर आलं. एक नख तुटलंय बहुतेक, पंजा चाटायलंय. अंग कापतंय त्याचं. आता कोणाकडंच बघत नाहीये. डोकं भिंतीला टेकलंय."

मी बोलायची थांबले तेव्हा कळलं की गलका कधीच थांबला होता. आतलं अस्वल सगळ्यांनी सकाळपासून पाहिलं होतं. पण माझं ऐकता ऐकता ते सगळे पुन्हा एकदा आत वाकून पाहत होते, आणि त्यांचे चेहरे वेगळेच दिसत होते. कोणाच्या तरी हातातून दगड खाली पडला. विहिरीत नव्हे, पायाशी.

महादू पुढं आला. काठावर बसला, बराच वेळ आत बघत राहिला. त्याच्या शिवलेल्या गालावरून काही कळणं कठीणच होतं. मग उठून धोतर झटकलं. "माह्या वावरात बाभळीचं खोड पडलं हाय," तो म्हणाला. "फांद्याचे खुंट हायेत त्याले. चढता येईन."

मग सगळे असे धावले की जणू मघाचे तेच नव्हेत. गफूरभाईंनी मोटेचे जाड दोर काढले, बैल जुंपले, खोड ओढत आणलं. ते तिरकं आत सोडायचं होतं, आणि अस्वलाच्या अंगावर पडू द्यायचं नव्हतं. मामाजी काठाशी बसून सांगत होते, कसं धरा, कुठून सोडा. आणि मी त्यांना सांगत होते, म्हणजे सगळ्यांनाच. "डावीकडं घ्या. अजून. थांबा, ते भ्यालंय, कोपऱ्यात दबलंय. आता सोडा. हळू." दोर धरलेले पुरुष माझ्या आवाजावर थांबत होते, सोडत होते. पदर केव्हाचा मागं सरला होता. माझ्या ध्यानातही नव्हतं.

खोड टेकलं. "आता घरी जा सगळे," मामाजी म्हणाले. "मानूस हाय तोवर ते येत नाई."

लोक गेले, निरुपायानं, मागं बघत. आम्ही, गफूरभाई आणि महादू शेताच्या टोकाच्या मचाणावर बसलो. दुपार तापली. दूर तांबट पक्षी भांडं ठोकल्यासारखा एकसारखा बोलत होता. ऊन विहिरीवरून सरकत गेलं, उन्हं कलली, आणि मग काठाच्या वर दोन कान आले.

"आलं," मी म्हटलं.

"सांग," मामाजी म्हणाले.

"नुसतं डोकं वर आहे. वास घेतंय. आता पुढचे पाय टाकले. आलं बाहेर. उभंय. अंग झाडलं, पाणी उडालं सगळीकडं, उन्हात. आता चाललंय. धावत नाहीये मामाजी. लंगडत, सावकाश. नदीकडं वळलं. करंजाखाली गेलं. आता दिसत नाही."

मामाजींनी दोन्ही हातांनी डोळे पुसले. त्या डोळ्यांना पाण्याशिवाय दुसरं काही यायचंच राहिलं नव्हतं. महादू म्हणाला, "गेलं बिचारं." आणि मचाणावरून उतरून आपल्या वाटेनं निघून गेला.

घरी पोचलो तेव्हा बातमी आमच्या आधी आली होती. सासूबाई परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "गावापुढं बोलली म्हने सून. पदर टाकून."

मामाजी म्हणाले, "मीच सांगतलं होतं तिले. तिच्यावर काऊन रागावतं?"

"मी रागावली म्हून कोनी सांगतलं?" सासूबाई फणकारल्या. "आल्यागेल्यानं सांगतलं, सून बोलली, सून बोलली. काय बोलली, ते मले एकानंबी सांगतलं नाई." मग माझ्याकडं वळून, वेगळ्याच आवाजात, "बस अठी. सांग मले."

मी चुलीशी बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांचा हात पिठात तसाच राहिला. छातीवरच्या पांढऱ्या खुणेपाशी त्यांनी मला थांबवलं. "पांढरं असते त्याच्या छातीवर?" मी हो म्हटलं. "नांगरावानी?" मी पुन्हा हो म्हटलं. त्या घरात त्यांना येऊन किती वर्षं झाली होती! अस्वलाच्या भीतीनं त्यांनी किती रात्री नवऱ्याची वाट बघत काढल्या असतील. आणि त्याच्या छातीवर काय असतं ते त्यांना माझ्याकडून कळत होतं.

दिवाळीनंतर मामाजींचं ऑपरेशन झालं शेवटी. आपण होऊनच तयार झाले. एका डोळ्याला जाड भिंगातून बरंचसं दिसू लागलं. दुसऱ्याला नाही. पुढं हे बदली होऊन बुलढाण्याला आले आणि मी पुन्हा घाटावरची झाले. पण मला त्या वर्षातलं जे रोज आठवतं ते विहिरीचं नाही, ऑपरेशनचंही नाही. ते आहे विहिरीच्या दुसऱ्या दिवशीचं.

सकाळी मामाजी निघायला उठले तर सासूबाई दाराशी उभ्या. लुगड्याचा काष्टा घट्ट खोवलेला, फडक्यात भाकरी बांधलेली.

"मी बी येतो," त्या म्हणाल्या.

मामाजी गोंधळले. "तू? कुठी?"

"तुमी जाता तठी."

आम्ही तिघं नदीत उतरलो. गावाच्या धुण्याच्या घाटापर्यंत सासूबाई झपझप चालल्या. तिथवरची वाट त्यांची रोजची. घाट मागं पडला, पहिलं वळण आलं आणि त्यांची चाल मंदावली. एकदा वाकून एक गोटा उचलला, हातात फिरवून पाहिला आणि जपून जागच्या जागी ठेवला. करंजाखालून जाताना वर बघत राहिल्या आणि ठेचकाळल्या. मी हात धरायला गेले तर हात झिडकारला.

मग मोठा डोह आला. तिथं सातपुडा अगदी नदीत उतरतो. काळा कातळ, वर अंजनाची झाडं, आणि ते सगळं खाली पाण्यात पुन्हा एकदा. पलीकडच्या काठावर चितळांचा कळप पीत होता. एका मादीनं मान वर केली, आमच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा पाण्याला तोंड लावलं.

सासूबाईंनी मागं वळून गावाकडं पाहिलं. आमच्या देवळाचा कळस झाडांवरून स्पष्ट दिसत होता.

"इतक्या जवय होतं हे?" त्या म्हणाल्या.

कोणाला विचारलं त्यांनी? मला नाही. मामाजी काठावर उभे होते, पाण्याकडं तोंड करून. सबंध सातपुडा पायांखाली घातलेला तो माणूस. घरापासून इथवर यायला भाकरी थंड होण्याइतकाही वेळ लागत नव्हता.

सासूबाईंनी चपला काढल्या, काठाच्या खडकावर बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. मामाजी चाचपडत त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मी जरा दूर, सावलीला गेले. तिथूनही सगळं ऐकू येत होतं. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो.

"काय दिसते?" मामाजींनी विचारलं. ज्या सुरात मला रोज विचारायचे त्याच सुरात, पण पुष्कळ हळू.

"थांबा जरा," सासूबाई म्हणाल्या. "आदी मले पाहू द्या."